लीदियाबाईंच्या कबरीवरचा आकडा

दुपारचे अडीच. भाकरी आणि वांग्याचं भरीत अंगावर आलंय. शेडचा पत्रा तापून मधूनच टक् करून वाजतो, की लगेच पापणी उघडते, आणि पुन्हा जड होते. कबरीच्या दगडाशेजारी पोतं अंथरून मी आडवी झालेय. कबरीच्या दगडाची मला भीती वाटत नाही. पोटच त्याच्यावर चाललंय. नवऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा छिन्नी मी घेतली, त्याला आता सतरा वर्षं झाली. शाळा माझी चौथीपर्यंतच. पुढची जोडाक्षरं मी शिकले ती कबरस्तानात, मेलेल्यांच्या नावांवर बोट फिरवून. ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द मला ‘प्रिय’ च्या आधी लिहिता आला.

शेजारचा दगड लीदियाबाई उजगऱ्यांचा. आमच्या मंडळीतल्या रविवारच्या शाळेत त्यांनी बेचाळीस वर्षं शिकवलं. सोमवारी त्यांचं वर्ष आहे. मुलगा सुबोध साडेचारला दगड न्यायला येणार. नाव झालंय, तारखा झाल्यात, खाली वचनाचा पत्ता तेवढा अर्धा राहिलाय. बाईंनी जाण्याआधी स्वतःच सांगून ठेवलं होतं, ‘अध्याय तेरा, वचन आठ.’ पुस्तकाचं नाव आणि तेरा मी सकाळीच खोदले. पुढचा आकडा नुसता पेन्सिलीनं काढून ठेवलाय.

मी पाच काढलाय.

बायबलातला पेरणाऱ्याचा दाखला आहे तो, प्रभूनं सांगितलेली गोष्ट. पेरणारा पेरायला जातो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं टिपतात. काही खडकाळ जागी पडतं, तरारतं आणि उन्हानं करपतं. काही काट्यांत गुदमरतं. काही चांगल्या जमिनीत पडतं आणि शंभर पटीनं येतं. बी म्हणजे देवाचा शब्द, जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचं काळीज. आठवं वचन चांगल्या जमिनीचं. पाचवं खडकाचं.

मंडळीतलं कोण पुस्तक उघडून ताळा बघणार आहे? पाळकसाहेब बघतील म्हणावं, तर त्यांना समोरच्या बाकावरची माणसंच धड दिसत नाहीत. पिढ्यान् पिढ्या बाई खडकाखाली झोपतील, आणि हे एकटीला मला ठाऊक असेल. पंचेचाळीस वर्षं वाट बघितली याची. पत्रा टक् वाजतो. या वेळी पापणी उघडत नाही.

“अनुस्वार कुठाय?”

लीदियाबाई दगडावर बसल्यात. स्वतःच्याच. पांढरं पातळ, खांद्याला पिन, मांडीवर काळी छत्री.

“बाई, उठा. ओलं काम आहे.”

“दगड कधीपासून ओला असतो गं तबिथे? आणि माझाच आहे ना? मग बसले.” बोटानं त्या अक्षरं चाचपतात. ‘शिक्षिका’ वर बोट थांबतं. “क्ष बरा काढलायस. कोणी शिकवला?”

“कोणी नाही.”

“दिसतंय.”

मेल्यावरही जीभ तीच. मला बरं वाटतं. मऊ झाल्या असत्या तर मला अवघड झालं असतं.

त्यांचं बोट खाली सरकतं. तेरा. मग पेन्सिलीची रेघ. त्या वाकून बघतात, चष्मा नाकावरून वर ढकलतात.

“हे काय?”

“पाच.”

“मी आठ सांगितला होता.”

“तुम्ही मलाही काय काय सांगितलं होतं.”

पत्रा टक् वाजतो, पण आता तो पत्रा नाही. आमच्या देवळाची घंटा आहे. दोर तुटल्यापासून तिला दगड मारून वाजवतात. बाकं लागलीत. मधल्या वाटेवर सतरंजीऐवजी नांगरलेली माती आहे, आणि तिचं कोणालाच काही वाटत नाही. मी तिसऱ्या बाकावर बसलेय. पाय जमिनीला पोचत नाहीत, पण नाकावर चष्मा आहे आणि गुडघा दुखतोय. बाई फळ्यापाशी आहेत. फळ्यावर रंगीत खडूचे चार चौकोन. वाट, खडक, काटे, काळी जमीन.

सुगीच्या सणाला आमच्याकडं हा दाखला पोरं करून दाखवायची. एकानं वाट व्हायचं, म्हणजे पालथं निजायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीवरून हलक्या पायानं जायचं. एकानं खडक व्हायचं, अंग आवळून बसायचं. काट्यांना बाभळीच्या फांद्या मिळायच्या, त्यामुळं काटे व्हायला भांडणं लागायची. चांगली जमीन मात्र कायम पाळकांच्या नाहीतर मास्तरांच्या घरची असायची. ती नुसती हात पसरून उभी राहायची, आणि तिच्या हातात खरी ज्वारीची कणसं द्यायचे.

त्या वर्षी शहरातल्या बोर्डिंगच्या मॅडम आल्या होत्या. एक मुलगी निवडून न्यायची, मॅट्रिकपर्यंत शिकवायची. बाईंनी एक नाव द्यायचं होतं. दाखल्यावर प्रश्न विचारू, कोण नीट ऐकतंय ते कळेल, असं ठरलं होतं.

“तबिथा,” बाई म्हणतात. “या दाखल्यात तुला काय कळलं?”

मी उभी राहते. काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. तेव्हा बोलले होते तेच तोंडातून निघतं, थांबवता येत नाही.

“पेरणारा अडाणी होता, बाई.”

मागच्या बाकावर कोणीतरी खिदळतं.

“म्हणजे गं?”

“वाटेवर कोण पेरतं? माझी आई पाभरीमागं चालते. चाड्यावर मूठ धरते. एक दाणा इकडं तिकडं जात नाही. वाटेवर बी टाकलं तर मालक दुसऱ्या दिवशी कामाला बोलवायचा नाही.”

लाकडी पाभर बैल ओढतात. तिच्या मधोमध चाडं असतं, वाटीसारखं. चाड्याच्या तळाशी भोकं, भोकांना नळ्या, नळ्या थेट तासात, म्हणजे फाळानं पडलेल्या चरात. पेरणारी बाई चालता चालता मुठीतून दाणे चाड्यात सोडत जाते. आमच्या मुलखात दुसऱ्या तऱ्हेनं ज्वारी पेरताना मी कोणाला बघितलं नव्हतं. त्या गोष्टीतला माणूस फडक्यातून दाणे उधळत निघालेला, म्हणजे त्याला शेतातलं काही कळत नसणार. नऊ वर्षांच्या पोरीचा हिशोब असा सरळ होता.

बोर्डिंगच्या मॅडम हसल्या होत्या. आत्ताही हसतात, तोंडापुढं रुमाल धरून. बाई हसत नाहीत. त्यांचा चेहरा लाल होतो.

“पेरणारा म्हणजे प्रभू आहे,” त्या म्हणतात. “प्रभूला अडाणी म्हणतेस?” आणि मॅडमकडं वळून, “काही पोरं खडक असतात हो. यांच्यावर टाकून उपयोग नाही.”

निवड झाली पाळकांच्या शालिनीची. ती बोर्डिंगात दीड वर्ष राहिली आणि घरची आठवण येते म्हणून परत आली.

हे सगळं एकवेळ मी पचवलं असतं. पण त्या संध्याकाळी बाई आमच्या वस्तीवर आल्या आणि आईला म्हणाल्या, “अनसाबाई, पोर तुझी दगड आहे, तिच्यासाठी प्रार्थना कर.” आईला ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. बाई शिकलेल्या. आईनं रात्री माझ्या छातीवर तळवा ठेवून बघितलं. नंतर तिनं मला खुरपणीला न्यायला सुरुवात केली. शेवटच्या दुखण्यातही ती माझ्यासाठी प्रार्थना करायची, “प्रभू, माझ्या तबीचं काळीज मऊ कर.” मी शेजारी बसून तिचे पाय चेपत असायची.

“बाई,” मी बाकावरून उतरते. आता पाय पोचतात. “आज वाट तुम्ही व्हा.”

“काय?”

“सुगीचा सण आहे. वाट कोणीतरी व्हायला पाहिजे. निजा.”

त्या इकडं तिकडं बघतात. देवळात दुसरं कोणी उरलेलं नाही. छत्री बाजूला ठेवतात, पातळाच्या निऱ्या पायांत धरून अगदी शिस्तीत पालथ्या निजतात. वर्गात आम्हाला दाखवायच्या तशाच, हात अंगाला चिकटवून. पाठ केवढीशी आहे. पिन खांद्यावर टोचत असणार.

“हलक्या पायानं हं,” त्या मातीत तोंड ठेवून म्हणतात. “तुझं वजन वाढलंय.”

“तुमच्यावर मी जड पायानंच चालणार आहे.”

“चाल बाई. पण पटकन. कंबर धरते माझी.”

मी पाय उचलते. पंचेचाळीस वर्षं हा पाय उचललेलाच होता, असं वाटतं. मी तो ठेवते. पाठीवर, बरोबर मधोमध, पूर्ण वजनानिशी. खाली ढेकूळ फुटतं. माती घोट्यापर्यंत येते, ऊन डोक्यावर येतं, आणि मी शेतात उभी आहे. बाई माझ्याशेजारी उभ्या, पातळ झटकतायत.

“समाधान झालं?” त्या विचारतात.

“नाही.”

“मलाही वाटलंच.”

समोर पाभर चाललीय. बैल दिसत नाहीत, घुंगरं ऐकू येतात. पाभरीमागं पाठमोरी आई. हिरवं लुगडं, कासोटा, उजवी मूठ चाड्यावर. दाणे सुटतात त्याचा आवाज येतो, सुपात बोटं फिरवल्यासारखा.

“बाई, तुमचा दाखला शेतकऱ्याला सांगून बघा कधी. जमीन वाटेसारखी घट्ट कशानं होते? माणसं चालून चालून. त्यात जमिनीचा काय गुन्हा? खडक असला तर आम्ही वेचून बांधावर रचतो. काटे असले तर खुरपतो. जमीन तयार करतात बाई, पेरणीआधी महिना महिना राबतात. तुम्ही नुसती तपासलीत. नऊ वर्षांची जमीन, आणि एका प्रश्नात तपासून मोकळ्या झालात.”

“हे त्या दिवशी बोलली असतीस तर...”

“त्या दिवशी मला पाढेसुद्धा बारापर्यंतच येत होते!”

त्या छत्री उघडतात. माझ्यावर धरत नाहीत, स्वतःवरच धरतात.

“आता माझं ऐकशील?” त्या म्हणतात. “तुझ्या आईची पाभर बघ. फार सुरेख चालते. तासातच पेरते. तास सोडून एक दाणा नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“तुमची वस्ती कुठल्या तासात होती गं? गावाबाहेर, ओढ्यापलीकडं. तुझ्या आज्याच्या दारात शब्द पोचला तो पाभरीनं नाही पोचला. कोणीतरी उधळत निघालं होतं म्हणून पोचला. वाट, खडक, काटे, काही न बघता. शहाणा पेरणारा असता तर तुमच्या दारात पाऊल टाकलं नसतं त्यानं. मला हेच शिकवायचं होतं त्या दिवशी. तो अडाणी नाही, उधळा आहे.”

राग यावा म्हणून थांबते, आणि तो येतो, चांगला भरभरून येतो.

“मग तुम्ही का पाभर घेऊन बसलात?”

“म्हणजे?”

“प्रभू उधळतो म्हणता. आणि तुम्ही? चाळीस पोरांत एक तास ओढलात आणि पाळकांच्या घरी नेऊन सोडलात. खडकावर टाकून उपयोग नाही, हे त्या उधळ्या पेरणाऱ्यानं म्हटलं होतं का तुम्हाला? त्यानं तर टाकलं होतं की खडकावर!”

छत्री हळूहळू खाली येते. बाईंचं तोंड उघडं राहतं. त्यांच्या वर्गात मी अकरा वर्षं बसले, त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी ते डोळे भरून बघते. घाई करत नाही.

“जा,” मी म्हणते. “तिला सांगा.”

“कोणाला?”

“पाठमोरी आहे तिला. प्रार्थना करत गेली ती माझ्यासाठी. दगड पोटात वाढवला म्हणून स्वतःला दोष देत गेली. जा, सांगा.”

“नांगरलेल्यात चालता येत नाही मला. चपला आहेत.”

“काढा.”

त्या चपला काढतात. दोन्ही नीट जोडून बांधावर ठेवतात. मग पातळ वर धरून ढेकळांतून जातात, एका पायाला खडा टोचतो, हं करतात, पुन्हा जातात. मी मागून चालते. मदत करत नाही.

“अनसाबाई,” बाई हाक मारतात.

आई वळत नाही. “कोण, बाई व्हय? सलाम बाई. पेरणी चालू हाय, थांबता यायचं न्हाई. बोलायचं आसंल तर हात लावा, म्या जरा पदर खोचते.”

आणि मूठ बाईंच्या हातात येते. चाड्यावर बाईंची गोरी, खडूनं भरलेली मूठ. त्या घाबरून ती अशी आवळतात की दाणा सुटत नाही. मग एकदम सोडतात, पसाभर ज्वारी चाड्यात पडते, नळ्या तुंबतात. तीन तास रिकामे जातात. रिकामा तास उगवणीनंतर साऱ्या गावाला दिसतो. मला हसू येतं. आई हसत नाही.

“मूठ आवळू नगा, बाई. आन् पार उघडूबी नगा. सैल धरा. दाणा आपला आपण जातोय.”

“अशी?”

“आजून सैल. तुमी धरून ठिवताय.”

बाई धरून बघतात. मान खाली, ओठ मुडपलेले, पाढा चुकलेल्या पोरासारख्या. दाणे अडखळत सुटायला लागतात. मग वर न बघता त्या म्हणतात,

“अनसाबाई. त्या दिवशी मी तुमच्या पोरीचं ऐकलंच नाही. ती शेतातलं बोलत होती, मला ते माझ्याविरुद्ध वाटलं. ती दगड नव्हती. मला त्या मॅडमपुढं लाज वाटली, म्हणून मी तसं म्हणाले.”

मी आईच्या पाठीकडं बघते. आता ती वळेल. पाभर थांबवेल. तोंडात पदर कोंबून रडेल, नाहीतर बाईंना शिव्या तरी घालेल, आमच्या वस्तीवरच्या खास शिव्या. मग माझ्याकडं बघेल.

“हां,” आई म्हणते. “मधली नळी बघा बाई, आजून तुंबलेली हाय.”

आणि बाईंच्या हातातून मूठ परत घेऊन पुढं चालू लागते. घुंगरं लांब जातात.

एवढंच. एका ‘हां’ साठी मी इतकी वर्षं दात आवळून बसले होते. मला ओरडावंसं वाटतं, आई, ऐकलंस का नीट? ती तासाच्या टोकाला पोचलीय. पाभर वळतेय. आता तोंड दिसणार, तेवढ्यात बाई मध्ये येतात, छत्रीसकट.

“झालं तुझ्या मनासारखं?” त्या म्हणतात. पाय मातीनं माखलेत, पण आवाज पुन्हा वर्गातला झालाय. “आता घाल तो पाच.”

“काय?”

“पाच घाल. मी सांगते. बरोबर आहे ते. माझ्यावर त्या दिवशी एक शब्द पडला होता आणि मी खडक निघाले. आठ राहू दे, पाचच शोभतो मला. सुबोधला कळणारही नाही. घाल.”

“तुम्ही नका सांगू!”

“का? तुझ्याच मनातलं आहे.”

“माझ्या मनातलं होतं तोवर माझं होतं!” मी खरंच ओरडतेय. “तुम्ही सांगून मी पाच घातला तर त्यात सूड कुठं राहिला? तो तर गृहपाठ झाला! मेल्यावरसुद्धा मला गृहपाठ देताय?”

“अक्षर नीट काढ पाचाचं. तुझा पाच डोक्यात जड होतो.”

मी त्यांचं मनगट पकडते. छत्रीवाल्या हाताचं. घट्ट, हाडापर्यंत. त्या सोडवून घेत नाहीत. मी आणखी आवळते, नखं रुतवते. त्यांच्या तोंडून हं सुद्धा निघावं एवढीच इच्छा आहे आता. त्या नुसत्या माझ्या मुठीकडं बघतात, फळ्यावरची चूक बघावी तशा.

“तुम्ही बाजूला व्हा,” मी म्हणते. “मला आई दिसत नाहीये. बाई, बाजूला व्हा...”

पत्रा टक् वाजतो.

डोळे उघडतात. शेडमध्ये कोणी नाही, दगडावर कोणी नाही. बाहेर सुबोधचा टेम्पो लागतोय, मागं येऊ द्या, येऊ द्या, असं कोणीतरी म्हणतंय.

उठायला जाते तर हात हलत नाही. माझ्या उजव्या हातानं माझंच डावं मनगट पकडलंय. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. खाली चार बोटांचे पांढरे ठसे, कडेनं लाल, आणि चार जागी नखांचे चंद्र. त्यातल्या एकातून रक्ताचा थेंब वर येतोय.

“मावशी, झालंय का?” सुबोध दारात.

“दहा मिनिटं. बस तिकडं सावलीत.”

मी ओलं फडकं घेते आणि पेन्सिलीचा पाच पुसून टाकते. बाईंच्या सांगण्यावरून मी हयातीत काही केलं नाही, आता कबरीवर सुरुवात करायची नाही. पाच घाल म्हणाल्या ना? मग आठ.

हातोडा उजव्या हातात, म्हणून छिन्नी डाव्या हातात धरावी लागते. मनगट ठणकतं. आठाला काय, एकच वळण, माझ्यानं डोळे मिटूनही होतं. तरी शेवटी छिन्नी घसरते आणि आठाची शेपूट खाली जरा जास्तच जाते.

सुबोध मागं येऊन उभा राहतो. बराच वेळ वाचतो.

“छान झालंय मावशी. तो आठ तेवढा वाकडा आलाय का?”

“दगडच तसा आहे,” मी म्हणते, आणि बाही मनगटावर ओढून घेते. “धर त्या बाजूनं. उचलू.”